पीएचपीचा क्लास लावू का घरीच शिकू?

संत्रावाला_वरुड: राम राम मंडळी. बीसीए झालं, पण पीएचपी (वेबसाइट बनवायची भाषा) फक्त फळ्यावर पाहिली. नागपूरचा एक क्लास प्रोजेक्टसकट शिकवतो म्हणते. त्याईच्या नोट्समध्ये 'मायएसक्यूएल_क्वेरी' दिसलं. खोली, मेस धरून खर्च लय होते. बाबा म्हणते, संत्र्याचा आंबिया बहार विकल्यावर पाहू. जाऊ का?

जुना_कोडर_अमरावती: नको जाऊ भाऊ. डेटाबेसला क्वेरी, म्हणजे आज्ञा, पाठवायचं ते फंक्शन पीएचपी ७ मधून २०१५ सालीच काढून टाकलं. आता डेटाबेसशी जोडाले पीडीओ नाहीतर मायएसक्यूएलआय वापरते. दुसऱ्या क्लासात गेला तर एवढंच विचार: लॉगिनचा पासवर्ड कसा साठवता? 'एमडी-फाइव्ह' (जुनी, सहज फुटणारी पद्धत) म्हणाले तर चहा पिऊन वापस ये. पासवर्ड सुरक्षित साठवायचं 'पासवर्ड_हॅश' फंक्शन २०१३ पासून भाषेतच आहे, फुकटात!

तोवर लॅपटॉपवर झॅम्प (पीएचपी, सर्व्हर अन् डेटाबेस एकत्र देणारं सॉफ्टवेअर) टाक. एकदा उतरवलं की नेट लागत नाही, लाइन गेली तरी बॅटरीवर चालते. अन् डेमो दुकान बनवू नको, बाबांच्या बागेचाच हिशोब कर: व्यापारी, इसार, बाकी. फॉर्म, सेशन, डेटाबेस सगळं त्यात येते. व्यापाऱ्याच्या नावात एकेरी अवतरणचिन्ह टाकून पाह्य. क्वेरी फुटली, की प्रिपेअर्ड स्टेटमेंट (आज्ञा अन् माहिती वेगवेगळी पाठवायची पद्धत) काहून लागते ते समजन.

आर्वीची_ताई: गिट (कोडातले बदल नोंदवून ठेवणारं साधन) पहिल्या दिवसापासून वापर रे. मुलाखतीत माझं सर्टिफिकेट कोणी उघडलंच नाही, कोड मात्र मागितला.

संत्रावाला_वरुड: बरं ताई. इसाराचं टेबल वेगळं ठेवू का?

जुना_कोडर_अमरावती: वेगळंच. एकच व्यापारी हप्त्याहप्त्यानं देते ना पैसे.