मर्क्युरी मायाच्या पाठीवर का बसलं?

प्रश्न
नववीतल्या मुलीबरोबर १९३८ च्या 'मर्क्युरी' या सीप्लेनचं, म्हणजे पाण्यावरून उडणाऱ्या विमानाचं, बाल्सा या हलक्या लाकडाचं मॉडेल करतोय. काल फ्लोट (विमानाला पाण्यावर तरंगवणारे पोकळ पाय) चिकटवताना ती म्हणाली, "बाबा, याला स्वतःची चार इंजिनं आहेत, मग ते 'माया' या दुसऱ्या मोठ्या सीप्लेनच्या पाठीवर बसून का निघालं?" मला नीट सांगता आलं नाही.

प्रतिसाद १
इंधन वाचवायला असेल.

प्रतिसाद २
वाचवायला नाही, जास्त भरून घ्यायला! मी आयर्लंडमध्ये लिमरिकला राहतो. फॉइन्स हे गाव इथून गाडीने पाऊण तासाच्या आत. २० जुलै १९३८ ला ही जोडी तिथेच शॅनन नदीवरून उठली.

मुलीला घरीच दाखवा. ओल्या ओट्यावर स्टीलचं ताट ठेवून सरळ वर उचलायला सांगा. पाणी ते धरून ठेवतं. फ्लोटचंही तसंच. वजन जास्त तितका फ्लोट खोल, आणि तो पाण्यावर घसरू लागेपर्यंत अडथळा वाढतच जातो. एकदा हवेत गेलं की तेच ओझं विमान सहज पेलतं. मर्क्युरी एकट्याने सुमारे ७ टन वजनानिशी उठायचं, मायाच्या पाठीवरून ९ टनांहून जास्त.

रॉबर्ट मेयो यांची ही कल्पना. निघताना आठही इंजिनं चालू. वेग वाढला की मर्क्युरी वर ओढू लागे. दोन्ही विमानं कड्यांनी जोडलेली असत. दोन्ही वैमानिकांनी आपापली कडी सोडली तरी तिसरी कडी पुरेशी ओढ बसल्यावरच सुटे. त्या तिसऱ्या कडीला मी मनापासून दाद देतो. मग मर्क्युरीचे वैमानिक डॉन बेनेट टपाल आणि वर्तमानपत्रं घेऊन अटलांटिक ओलांडून २० तास २१ मिनिटांत कॅनडात मॉन्ट्रियलजवळ बुशरव्हिलला उतरले.

प्रश्नकर्ता
ताट खरंच चिकटलं! पण फ्रेंच वैमानिक मेर्मोझ १९३० मध्ये टपाल घेऊन सेनेगलहून ब्राझीलला गेले, तेही सीप्लेननेच ना? त्यांना कुणाची पाठ नव्हती.

प्रतिसाद २
नव्हती, आणि त्याची किंमत त्यांनी परतताना मोजली. ब्राझीलच्या नातालला पाणी संथ, वारा पडलेला. त्यांचं भरलेलं विमान, लातेकोएर २८, पाणी सोडेना. पन्नासाहून जास्त वेळा धावले, तेव्हा जुलैत एकदाचे उठले. पुढे समुद्रावर तेलगळती झाली आणि एका जहाजाजवळ उतरावं लागलं. मेर्मोझ आणि त्यांचे सहकारी दाब्री, जिमिए तिघेही वाचले. विमान बुडालं, पण टपालाच्या पिशव्या त्यांनी आधी जहाजावर चढवल्या होत्या.