शेतात भरीत पार्टी: 25 माणसांना वांगी किती? (आणि क्रिकेट, सिनेमाचंही विचारायचंय)

पाहुणा_यावलचा

रामराम मंडळी. चंपाषष्ठीच्या आसपासच्या एका रविवारी घरच्यांची भरीत पार्टी शेतात ठरतेय. माणसं 25: सत्तरीपुढची 5, सहा ते चौदा वर्षांची पोरं 8, बाकी मधली फळी. घरी सगळ्यांना गॅसवर भाजायची सवय आहे, काड्यांवर कुणीच केलेलं नाही.

वांगी किती घ्यायची, बाकी सामान किती, भाकरी की पुरी, हे सांगा. दुपारी पोरांना क्रिकेट खेळायचंय. उडीद काढून मोकळा झालेला तुकडा आहे, एका अंगाला केळी आणि कोपऱ्यात विहीर. आणि अंधार पडल्यावर पत्र्याच्या शेडपाशी सिनेमा लावायचा विचार आहे. प्रोजेक्टर भाड्याने मिळतोय. लाइटचा भरवसा नाही, पण 150 एएचची बॅटरी आणि इन्व्हर्टर आहे. पुरेल का?

बडगीवाली

आधी तारीख. चातुर्मासात वांगं न खाणारी मोठी माणसं घरात असतील तर चंपाषष्ठीनंतरचाच रविवार धरा. नाहीतर ज्यांच्यासाठी एवढा घाट घातला तीच मंडळी नुसती कढी पीत बसतील.

वांगी 10 किलो. तीन माणसांना एक किलो या हिशेबाने साडेआठच लागतात, पण एखाद-दुसरं किडकं निघतं आणि मागून मागणारेही असतात. भाजून साल-देठ गेलं की किलोमागे साडेसहाशे-सातशे ग्रॅम गर हाती येतो.

वांगं हिरवट-पांढरं, लांबोडं, मोठं घ्यायचं. एकेक पाव ते अर्धा किलोचं. बामणोदकडचा माल मिळाला तर उत्तम. 'जळगाव भरीत वांगी' या नावाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय खरं, पण बाजारात टोपलीवर तशी पाटी कुणी लावत नाही, तेव्हा हाताने पारखा. सारख्या आकाराच्या दोन वांग्यांत हलकं लागेल ते उचला, जडात बिया जास्त. देठ हिरवा हवा. सालीवर टाचणीएवढं भोक दिसलं तर आत अळी असणारच, ते बाजूला. पिवळसर छटा आलेलं वांगं जून झालेलं असतं. ते कितीही भाजा, कडसर लागतं.

भाजायला तुरीच्या काड्या. कपाशीच्या काड्यांवरही भाजतात, पण यंदाच्याच हंगामात भरपूर फवारणी झालेल्या असतील तर नको. काड्या खडखडीत वाळलेल्या हव्यात. ओलसर असल्या तर धूर धरतात आणि भरताला धुराचा वास येतो. खमंग वास वेगळा आणि हा वेगळा, खाताना लगेच कळतं.

वांग्याला देठाजवळ सुरीच्या टोकाने तीन-चार टोचे द्या, नाहीतर आत वाफ कोंडून फुटतं आणि गर राखेत जातो. तेल लावायची गरज नाही. जमिनीवर वीतभर काड्यांचा थर, त्यावर 10-12 वांगी एका रांगेत, वर पुन्हा काड्या, आणि वाऱ्याच्या दिशेकडून पेटवा. एका खेपेला 20 मिनिटं धरा. ज्वाळा बसल्या की लांब काठीने वांगी उलटायची. सगळ्यांची चूक इथेच होते: वरची बाजू काळी कोळसा झाली म्हणजे झालं असं वाटतं, आणि जमिनीकडची बाजू कच्ची हिरवी राहते. काठीने देठाजवळ दाबून बघा. पोट आधी शिजतं, देठाखालचा भाग शेवटी. तिथे काठी लोण्यात शिरल्यासारखी गेली की काढा.

सोलताना वांगं पाण्यात बुडवू नका. नळाखाली धरून सोललं की साल झरझर निघते, पण चव पाण्यासोबत जाते आणि भरीत पचपचीत होतं. पाण्याची वाटी शेजारी ठेवा, बोटं बुडवा, सोला. सोललेली वांगी तिरप्या धरलेल्या ताटात दहा मिनिटं ठेवा म्हणजे सुटलेलं पाणी खाली येतं. ते टाकून द्या, कडवटपणा त्यातच असतो. देठ शेवटपर्यंत ठेवा, सोलताना धरायला उपयोगी पडतो.

10 किलोला बाकीचं सामान: हिरवी मिरची 500 ग्रॅम (लवंगी असेल तर 350 बस), सोललेला लसूण 350, शेंगदाणे 800, सुक्या खोबऱ्याचे काप 250, कांद्याची पात दीड किलो, कोथिंबीर अर्धा किलो, जिरं 50, तेल पाऊण ते एक लिटर. मीठ आधी 80 ग्रॅमच घाला, चाखून वर 20-30.

मिरच्या तेलात परतून घ्या. लसूण, जिरं, मीठ आणि त्या मिरच्या बडगीत आधी ठेचायच्या, मग वांगी. लाकडाच्या बडगीत मुसळीने ठेचलं की गराचे धागे धागे राहतात. मिक्सर आणूच नका. त्यात बिया फुटून कडूपणा येतो आणि भरीत खळीसारखं चिकट होतं. बडगी नसेल तर जड लाकडी काठवटीत वाटीच्या बुडाने घोटा.

मग मोठ्या पातेल्यात तेल तापवून शेंगदाणे तांबूस करा, खोबरं टाका (ते अर्ध्या मिनिटात करपतं, लक्ष ठेवा), ठेचलेलं भरीत घालून पाचेक मिनिटं परता. पात आणि कोथिंबीर पातेलं उतरवल्यावर. पात शिजली की पाणी सोडते.

आसोद्याची_काकू

बडगीवालीताईंनी सगळं बरोबर सांगितलं, फक्त खोबऱ्याबद्दल माझं मत वेगळं. शेंगदाणे असताना खोबरं कशाला? पण हा वाद आपल्याकडे घराघरात आहे, तेव्हा सोडून देते. टोमॅटो मात्र कुणी टाकू म्हणालं तर त्याला चुलीपासून लांब बसवा.

आता कळणा, म्हणजे ज्वारी-उडदाचं भाकरीचं पीठ. ज्वारी 4 किलो, सालीसकट काळे उडीद 1 किलो, जाडं मीठ 60 ग्रॅम. सगळं एकत्र गिरणीतून दळून आणा. गिरणीवाल्याला ज्वारीच्या घाण्यावरच टाकायला सांगा, गव्हावर टाकलं तर पिठात गहू येतो आणि भाकरी चिवट होते. 5 किलोत 45-50 भाकऱ्या होतात, म्हणजे माणशी दोन. पोरं एकावर थांबतात, त्यांची मोठ्यांकडे वळते.

नुसत्या ज्वारीला गरम पाणी लागतं, तसं याला लागत नाही. उडदाला अंगचाच चिकटपणा असतो, साधं पाणी चालतं. पण भिजवलेलं पीठ ठेवून देऊ नका. पंधरा-वीस मिनिटांत ते सैल, चिकट होतं आणि थापताना हाताला धरतं. पाच-सहा भाकऱ्यांपुरतंच भिजवा. दोन चुली आणि दोन बाया असल्या तर तासाभरात 50 भाकऱ्या पडतात. भरीत ठेचायला लागलात की पहिली भाकरी तव्यावर पडू द्या.

पुरी हवी तर त्याच पिठाची होते. घट्ट मळायचं, प्लास्टिकच्या कागदावर जाडसर थापायची आणि तेल चांगलं तापल्यावर सोडायची. पातळ थापली तर फुगत नाही, पापडासारखी कडक होते. सत्तरीपुढच्यांसाठी भाकरीच करा, पुरी पोरांपुरती 40-50.

कढीला 2 लिटर दही, 200 ग्रॅम बेसन, 3 लिटर पाणी. दही आंबट असलं तर पाणी थोडं वाढवा. मीठ उकळी आल्यावर घाला, आधी घातलं की कढी फुटायची भीती. बरोबर मुळा, कच्चा कांदा, लिंबू, आणि शेवटी गूळ.

गल्लीतला_कॅप्टन

क्रिकेटपेक्षा आधी विहिरीचं बघा भो. कठडा कमरेच्या वर नसेल तर 10-12 फूट अंतरावर चारी बाजूंनी बांबू रोवून दोरी बांधा आणि नियम करा: त्या बाजूला चेंडू गेला की फलंदाज बाद, आणि चेंडू आणायला मोठं माणूसच जाणार. बाद होतो म्हटल्यावर तिकडे कुणी मारतच नाही. केळीच्या बाजूलाही तोच नियम. पानं फाटली की मालक ओरडणार, चेंडू शोधता शोधता पोरं ठिबकच्या नळ्या तुडवणार.

उडदाच्या तुकड्यात धसकटं राहिलेली असतात. अनवाणी पोराच्या तळव्यात घुसतात. आदल्या दिवशी पिचपुरती आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा फूट जागा साफ करा. काळ्या जमिनीला थंडीत भेगा पडतात, त्या मातीने बुजवा, संध्याकाळी पाणी शिंपडा आणि सकाळी धुम्मसाने चोपा. पाणी नुसतं ओलावा धरेल एवढंच. जास्त झालं तर दुपारपर्यंत चिखल, मग खेळ बंद.

पिच 22 यार्ड ठेवू नका. दहा वर्षांच्या पोराचा चेंडू तिथपर्यंत दोन टप्पे घेत जातो. 16 यार्ड, म्हणजे 48 फूट पुरे. चेंडू हलका टेनिसचा. जड टेनिस चेंडू मिळतो तो इथे नको, आजी-आजोबा शेडखाली बसलेले असणार. मोठ्यांनी पोरांना हात खालूनच टाकायचा. एक टप्पा, एक हात बाद. पोराला पहिल्या चेंडूवर बाद धरायचं नाही, मोठ्याला धरायचं. सहा-सहा षटकांचे दोन डाव तासाभरात होतात. जेवणाआधीच उरका, भरीत खाल्ल्यावर कुणी धावत नाही.

पाहुणा_यावलचा

फार उपयोगी. बडगीवालीताई, तीन खेपांत भाजायचं तर पहिल्या खेपेची वांगी झाकून ठेवू का? आणि सगळं सकाळीच भाजून ठेवलं तर?

बडगीवाली

झाकू नका, वाफेचं पाणी परत आत मुरतं. परातीत उघडी ठेवा, वर पातळ फडकं चालेल. पहिली खेप कोमट झाली की सोलायला घ्या, तोवर दुसरी आगीवर. गार झाल्यावर साल गराला धरून बसते. सकाळी भाजून दुपारी केलं तर होतं, पण मग घरीच गॅसवर का नको? तीन खेपा, सोलणं, ठेचणं मिळून अडीच तास धरा. जेवण दीडला हवं तर पहिली काडी अकराच्या आत पेटली पाहिजे.

पडदा_आणि_पेटी

सिनेमाचं. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहा-सहाला सूर्य मावळतो, साडेसहाला पुरेसा अंधार होतो. तेव्हाच सुरू करा. साडेआठ-नऊनंतर दव पडायला लागतं, पडदा ओलसर होतो आणि प्रोजेक्टरच्या काचेवर धुकं धरतं. त्यामुळे सव्वादोन तासांच्या आतला सिनेमा निवडा.

बॅटरीचा हिशेब: 12 व्होल्ट गुणिले 150 म्हणजे 1800 वॅट-तास. बॅटरी पूर्ण उतरवायची नसते आणि इन्व्हर्टरही थोडं खातो, म्हणून हाती हजार-अकराशे धरा. भाड्याचा 3000 ल्युमेनचा प्रोजेक्टर 280 वॅटच्या आसपास घेतो, लॅपटॉप 50, स्पीकर 40. एकूण 370. तीन तास मिळाले तरी घासूनपुसून. बॅटरी जुनी असेल तर दोनच. त्या वेळात त्याच इन्व्हर्टरवर मिक्सर, हॅलोजन काही लावू नका. प्रोजेक्टर एकदम बंद पडला तर आतला पंखा थांबतो आणि दिवा तापलेलाच राहतो. म्हणून सिनेमा संपला की आधी बटणाने बंद करा, पंखा थांबेपर्यंत वायर काढू नका.

पडद्याला पांढरी चादर चालते, पण पातळ चादरीतून उजेड आरपार जातो. मागे काळी घोंगडी किंवा ताडपत्री बांधा. चित्र 8 फूट रुंद हवं तर साधा प्रोजेक्टर 11-12 फुटांवर ठेवावा लागतो. चादरीच्या खालच्या काठाला बांबू बांधा, नाहीतर वाऱ्याने नायकाचं तोंड हलत राहतं. शेडची भिंत चुन्याने रंगवलेली असेल तर चादरीची भानगडच नको.

मोबाईलच्या ॲपमध्ये उतरवून ठेवलेला सिनेमा वायरीने पडद्यावर दिसेलच असं नाही. पुष्कळदा आवाज येतो आणि चित्र काळं राहतं. आदल्या रात्री घरी पूर्ण जोडणी करून बघा. स्पीकर वायरने जोडा, ब्लूटूथवर आवाज ओठांच्या मागे पडतो. किडे पडद्यावर येतात, तर 30-40 फुटांवर एक पिवळा दिवा लावून द्या. तिकडे जातात बरेचसे.

आसोद्याची_काकू

एक राहिलं. चूल आणि भाजायची जागा ठिबकच्या नळीपासून चांगली दहा-बारा फूट लांब असू द्या. नळी नुसत्या आचेने वाकते, आणि वितळली की उन्हाळ्यात पहिल्या पाण्याच्या दिवशीच कळतं. आणि सिनेमाला बसण्याआधी राखेवर दोन बादल्या पाणी ओता, काठीने ढवळा, मग आणखी एक. वरून पांढरी दिसणारी राख आत लाल असते, आणि अंधारात पोरं नेमकी तिकडूनच लघवीला जातात.