क्रोनॉस बंद करून कॉर्गनं चूक केली का?

गोदाकाठ_कीज (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात नाशिकच्या कालिदास कलामंदिरात तालीम होती. आमच्यातला एक तरुण वादक म्हणाला, "काका, सेकंडहँड क्रोनॉस मिळतोय. घेऊ का?" दोन वर्षांपूर्वी मी डोळे झाकून हो म्हटलं असतं. या वेळी अडखळलो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॉर्ग या जपानी कंपनीनं क्रोनॉस हा सिंथेसायझर (की-बोर्ड) २०११ मध्ये आणला. मग क्रोनॉस एक्स आला, त्यानंतर क्रोनॉस २. दहाएक वर्षं तो कंपनीचा सगळ्यात वरचा सिंथ होता. २०२० च्या अखेरीस कॉर्गचाच नॉटिलस आला आणि पुढे क्रोनॉसचं उत्पादन थांबलं.

पियानो, इलेक्ट्रिक पियानो, ऑर्गन, तारवाद्यं, अ‍ॅनालॉग अशी आवाज तयार करणारी क्रोनॉसमधली नऊ इंजिनं नॉटिलसमध्येही आहेत, हे मला मान्य आहे. माझी तक्रार आवाजाची नाही, हाताची आहे. क्रोनॉसवर नऊ स्लायडर होते. ऑर्गन लावला की तेच नऊ ड्रॉबार व्हायचे, म्हणजे ऑर्गनचा आवाज घडवायच्या ओढदांड्या. डावा हात स्लायडरवर आणि उजवा कळांवर ठेवून जुन्या हिंदी गाण्यांतला ऑर्गन वाजवताना अंतऱ्यात आवाज हळूहळू उघडत नेता यायचा. नॉटिलसवर स्लायडरच नाहीत, सहा नॉब आणि पडदा आहे. बोट सरकवायची रिबन गेली, आपोआप साथीचे तुकडे वाजवणारं कर्मा गेलं, आणि पहिल्या नॉटिलसमध्ये आफ्टरटचही नव्हता.

आफ्टरटच गेला तर काय बिघडलं, असं विचारणाऱ्यांनी एकदा सनईच्या टोनवर भैरवी वाजवून बघावी. धरलेल्या कळेवर जरा आणखी जोर दिला की सूर कापतो, आणि किती कापायचा ते बोट ठरवतं. रिबनवर बोट सरकवून मींड घ्यायची सवय लागायला मला दोन वर्षं लागली. आपल्या गाण्याला या दोन गोष्टी लागतातच. म्हणून मला वाटतं, कंपनीनं क्रोनॉस चालू ठेवायला हवा होता.

सातपूर_लाइव्ह

काका, आदर ठेवून सांगतो, मला हे पटत नाही.

नाशिकमध्ये लग्नाच्या, नवरात्राच्या सुपाऱ्या करणारे किती जण क्रोनॉस वाजवत होते? मी ज्या ऑर्केस्ट्रांत बसलो, तिथे बहुतेकांकडे रोलँडचा एक्सपीएस-१० की-बोर्ड असायचा. हलका, आवाज पटकन सापडणारा, आणि घरच्यांना न विचारता घेता येणारा. क्रोनॉसची किंमत लाखांच्या घरात. ८८ कळांचा असेल तर वजन वीस किलोंच्या वर. देवळालीहून मंडपात न्यायला दोन माणसं लागतात.

क्रोनॉसच्या आत खरं तर संगणकच होता. इंटेलचा अ‍ॅटम प्रोसेसर, लिनक्सवर चालणारी प्रणाली, आवाज एसएसडीवर. संगणकाचे भाग दहा वर्षांत बाजारातून जातात, मग कंपनीनं क्रोनॉस बनवायचा कशाने? शिवाय सुरू व्हायला त्याला दोनेक मिनिटं लागायची. लाइट जाऊन जनरेटरवर यायला काही सेकंद पुरतात, पण गायक माइक धरून उभा असताना दोन मिनिटं फार मोठी असतात. मी लॅपटॉप वापरतो. लाइट गेली तरी बॅटरीवर चालतो.

वाद्यं बंद होतात आणि पुढची येतात. यामाहाचा डीएक्स-७ १९८३ चा, कॉर्गचा एम-१ १९८८ चा. दोन्ही कधीच थांबले, त्यांचे आवाज मात्र आजही वाजतात. कॉर्गचाच ओएसिस घ्या. २००५ ला आला, २००९ ला बंद झाला. तेव्हाही लोक हळहळले असतील. त्यातलंच तंत्र निम्म्याहून कमी किमतीत क्रोनॉसमध्ये आलं. ओएसिस थांबला नसता तर तुमच्या हातात क्रोनॉस आला असता का?

नाशिकरोड_ऑर्गन

ऑर्गनबद्दल काकांशी पूर्ण सहमत. पडद्यावर बोटानं ड्रॉबार ओढणं म्हणजे ऑर्गन वाजवणं नव्हे.

इंदिरानगर_पेटी

सातपूरदादा, लॅपटॉपचं म्हणणं मला अर्धंच पटतं. तुमची बॅटरी चालेल, पण तुमचा ऑडिओ इंटरफेस, कंट्रोलर, केबल, सॉफ्टवेअरचा परवाना यातलं एक जरी अडलं तरी सगळं अडतं. गायिका ऐन वेळी "काळी पाच नको, काळी चार घ्या" म्हणते तेव्हा मला एकच बटण हवं असतं, माउस नको.

पण काका, तुमचंही एक सुटलं आहे. २०२३ मध्ये आफ्टरटच असलेला नॉटिलस एटी आला. म्हणजे ती तक्रार कंपनीनं ऐकली. स्लायडर मात्र आले नाहीत, तिथे मी तुमच्या बाजूनं.

माझं दुखणं निराळं आहे. बाबांची पेटी मी क्रोनॉसवर सूर न् सूर नोंदवून घेतली होती. प्रत्येक पट्टी हलक्या आणि जोरकस भात्यावर वेगळी. भाता फिरतानाचा श्वासही ठेवला. बाबा गेले, पेटीच्या सुरांत आता हवा गळते, आणि तो आवाज त्या यंत्रात राहिला आहे. मूळ ध्वनिफिती माझ्याकडे आहेत, पण त्यांचे लेयर, फिल्टर, कुठल्या जोरावर कुठला सूर उघडायचा, ही सगळी बांधणी क्रोनॉसच्या भाषेतली. दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर ती मला कानानं पुन्हा बांधावी लागेल. वाद्य बंद होतं तेव्हा असली कामं उघड्यावर पडतात. कंपनीनं नवं मॉडेल जरूर आणावं, पण वापरणाऱ्यानं स्वतः घडवलेलं सगळं पुढे नेता येईल अशी सोय आधी करावी.

शालिमार_सोल्डर

मी दुरुस्ती करतो, म्हणून तेवढंच बोलतो.

बंद झालेल्या वाद्यात आवाज मरत नाही, सुटे भाग मरतात. कळांखालचे रबरी कॉन्टॅक्ट झिजतात, कुठल्याही कंपनीचा की-बोर्ड घ्या. हलकं दाबलं तरी नोटा जोरात वाजायला लागतात किंवा वाजतच नाहीत. धूळ असेल तर साफ करून चालतं, झिजले असतील तर नवी पट्टी लागते. पॉवर सप्लायचे कपॅसिटर मुंबईला लॅमिंग्टन रोडवर मिळतील. टचस्क्रीन आणि कळांचा अख्खा संच मात्र त्याच मॉडेलचा लागतो. तो जुन्या मोडक्या यंत्रातून काढावा लागतो आणि सांगतील ती किंमत द्यावी लागते.

त्या तरुणाला सांगा, घेण्याआधी प्रत्येक कळ हलकी, मध्यम, जोरात अशी तीनदा वाजवून बघ. पडद्याचे चारही कोपरे दाबून बघ. नऊही स्लायडर वरखाली कर. तासभर चालू ठेव, मग पैसे दे. ताई, तुम्ही सगळा डेटा आजच यूएसबीवर घ्या, दोन प्रती करा आणि एक दुसऱ्या घरी ठेवा.

सातपूर_लाइव्ह

ताई, पेटीचं वाचून थांबलो. हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. क्रोनॉस थांबवणं मला अजूनही बरोबर वाटतं, पण तुमची बांधणी पुढे नेता येत नसेल तर तेवढी चूक कंपनीचीच. मूळ ध्वनिफिती वेव्ह फाइलमध्ये असतील तर मी सॅम्पलरमध्ये बसवायला मदत करतो. दोन रविवार लागतील.

गोदाकाठ_कीज (धागाकर्ता)

एटीचं मी नजरेआड केलं होतं, ताईंनी बरोबर दाखवलं. स्लायडरवर मी ठाम आहे.

त्या मुलाला घरी बोलावलं आहे. माझा क्रोनॉस आहेच, एका मित्राचा नॉटिलस आणतो. दोन्हींवर तेच भावगीत, तोच सनईचा टोन वाजवायचा, आणि मी मधे बोलायचं नाही. त्यानं क्रोनॉसच निवडला तर शालिमारदादा, यंत्र बघायला तुम्ही बरोबर याल का? आणि ताई, सातपूरकर, तुमचा पहिला रविवार माझ्याकडेच ठेवा. ती पेटी मलाही ऐकायची आहे.