मदत हवी आहे: अ‍ॅजिलिटी करायला कुत्री तयार, माझ्यातच दम नाही

नमस्कार मंडळी,

पुण्यात कोणी कुत्र्यासोबत अ‍ॅजिलिटी (आपण इशारे द्यायचे आणि कुत्र्याने अडथळे पार करायचे, तो खेळ) करतं का? आमची चिंगी अडीच वर्षांची, गावठी, पार्किंगमध्ये सापडलेली आणि अंगात नुसती वीज. दीड वर्षाची होईपर्यंत हाडं पक्की नसतात म्हणून जमिनीवरचंच काम केलं, मग उड्या सुरू केल्या. जामानिमा काय तर हार्डवेअरवाल्याकडच्या पीव्हीसी पायपांचे बार, 60 सेंमी अंतराने सहा वीव्ह पोल (कुत्रं नागमोडी जातं ते उभे खांब) आणि भाच्याचा खेळण्यातला कापडी बोगदा. स्पर्धेला पोल 12 असतात पण आम्हाला कुठे जायचंय, सोसायटीच्या मागच्या पट्ट्यात मस्त चाललं होतं.

मग पावसाळ्यात मला चिकनगुनिया झाला. ताप चार दिवसात गेला पण सांधे अजून धरलेलेत, सकाळी कठडा धरून जिना उतरते, डॉक्टर म्हणतात काहींना महिनोन्महिने राहतं. फिरवायला नेते, ते चुकवत नाही, पण ऑफिसमधून आल्यावर पोल काढा, अंतर मोजून लावा, परत सगळं गोळा करा (तळमजल्यावरच्या काकांना पाइप दिसले की त्रास होतो) या विचारानेच सोफ्यावरून उठवत नाही. पाच आठवड्यांत मोजून तीनदा प्रॅक्टिस झालीये. परवा बाल्कनी झाडताना पाइप नुसता खणखणला तर ही आतून धावत आली आणि माझ्या डाव्या बाजूला तयारीत उभी. मेल्याहून मेल्यासारखं झालं हो.

एकदा जबरदस्तीने केलं तर अजून वाईट. तो सगळा खेळ आपल्या खांद्यांवर आणि पावलांवर चालतो, मी वळले उशिरा, ती गेली भलत्याच बारवरून आणि मग मलाच भुंकायला लागली, मी चिडले, दोघी फुगून घरी.

तर अशा दिवसांत तुम्ही काय करता? पूर्ण बंद ठेवलं तर ती विसरेल का? आणि प्लीज "आराम कर" म्हणू नका, ते आईचं सांगून झालंय.

प्रतिसाद १
नाही हो विसरत! माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दोन महिने मी खुर्चीत बसून केलं. पालथी बादली पाच फुटांवर ठेवायची, तिला वळसा घालून यायला लावायचं, मग बादली हळूहळू लांब. पुढे मैदानात हेच कामाला येतं, कुत्रं लांब पाठवता आलं की आपल्याला पळावं लागत नाही. आणि जिन्याची शेवटची पायरी वापरा, मागचे पाय पायरीवर, पुढचे जमिनीवर, तिथेच थांबली की खाऊ. सी-सॉ (वरखाली होणारी फळी), डॉगवॉक (उंच अरुंद फळी) यांवरून उतरताना हीच सवय लागते. वेळ म्हणाल तर कुकरच्या तीन शिट्ट्या, बास. तिला अजून हवं असतानाच थांबायचं.

प्रतिसाद २
+1. पोल सहा नकोच, दोन लावा. त्यांच्यामधून नीट शिरायचं एवढंच घोटवा. आणि चिकनगुनियात सकाळी अंग जास्त आखडतं त्यामुळे संध्याकाळीच करा, मीही भोगलंय.

धागाकर्ती
खूप आभार! आज बादली केली. चार वळसे व्यवस्थित, पाचव्यांदा तिने बादलीच कडीला धरून ओढत माझ्या पायाशी आणून ठेवली. यावर खाऊ द्यायचा की नाही?