भावाच्या मनात अचानक पक्की झालेली समजूत: पुण्यात कोणाकडे न्यावे, घरी कसे बोलावे?

वारजेकर_ताई

नमस्कार. धाकट्या भावासाठी (वय २४) सल्ला हवा आहे. गेल्या बुधवारपर्यंत तो नेहमीसारखा होता. परीक्षेमुळे आठवडाभर जागरणे मात्र फार झाली होती. गुरुवारी सकाळी दाराच्या कडीला अडकवलेल्या पिशवीत दुधाच्या दोनऐवजी एकच पिशवी निघाली. ती हातात धरून तो बराच वेळ तसाच उभा राहिला आणि म्हणाला, "कळलं मला. मला घरातून उचलायचं ठरलंय." तेव्हापासून सगळी सोसायटी या कटात आहे असे त्याला ठामपणे वाटते. मोबाइल बंद करून त्याने तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला आहे आणि रात्री दोन तासही तो झोपत नाही. दूधवाल्याला बोलावून खुलासा करून घेतला, तर दूधवालाही त्यांच्यातलाच ठरला.

नातेवाईक आईला उतारा करायला सांगत आहेत. मनोविकारतज्ज्ञ गाठावा की मेंदूविकारतज्ज्ञ, आणि तो यायला तयार नसेल तर काय करावे, हे कृपया सांगा.

निवृत्त_परिचारिका

ताई, मी अनेक वर्षे मनोविकार कक्षात काम केले आहे. निदान डॉक्टरच करतील, पण दोन दिवस वाट पाहू असे मात्र म्हणू नका, आजच न्या.

दुधाच्या पिशवीचा तुम्ही सांगितलेला प्रसंग डॉक्टरांना अगदी याच शब्दांत सांगा. पिशवी खरी, ती एकच होती हेही खरे, पण तिच्यातून निघालेला अर्थ कोणत्याही तर्काने निघत नाही आणि तरीही तो क्षणात पक्का होतो, अशा अनुभवाला मनोविकारशास्त्रात वेगळे महत्त्व आहे. कार्ल यास्पर्स या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १९१३ सालीच हे बारकाईने मांडले होते. पुरावे दाखवून अशी समजूत हटत नाही, उलट पुरावा देणाराच संशयित ठरतो. दूधवाल्याच्या बाबतीत तुम्ही तेच पाहिले.

सुरुवात मनोविकारतज्ज्ञाकडेच करा, परंतु शारीरिक तपासणीचा आग्रह धरा. थायरॉइडचे विकार, शरीरातील सोडियम घटणे, स्टिरॉइडची औषधे, गांजाचे सेवन, तसेच रोजची दारू एकदम बंद होणे, यांतूनही असे घडू शकते. ताप, आकडी, तोंडाच्या विचित्र हालचाली, वेळ-काळाचे भान जाणे यांपैकी काहीही दिसले तर थेट मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा, कारण मेंदूला सूज आणणारे काही आजार पहिले काही दिवस निव्वळ मानसिक आजारासारखेच दिसतात.

पुण्यात ससून रुग्णालयात मनोविकार विभाग आहे आणि येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते. तो अजिबात तयार नसेल आणि त्याच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका दिसत असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (रुग्णाच्या वतीने निर्णयात मदत करणारी व्यक्ती, सहसा जवळचा नातेवाईक) अर्जावरून, तज्ज्ञांनी तपासल्यानंतर, ३० दिवसांपर्यंत दाखल करण्याची तरतूद आहे. चहातून गोळी देण्याचा मोह मात्र टाळा. कोणीतरी आपल्याला काहीतरी करते आहे हीच त्याची भीती आहे. ती घरातच खरी ठरली तर पुढे तो कोणाच्याही हातचे खाणार नाही.

धीर देणारी एक गोष्ट सांगते, आणि ती केवळ समजुतीसाठी सांगत नाही. हळूहळू वर्षभरात वाढत गेलेल्या आजारापेक्षा असा झपाट्याने आलेला आजार पूर्ण बरा होण्याची शक्यता सहसा अधिक असते. दोन आठवड्यांच्या आत पूर्ण स्वरूपात दिसणाऱ्या अशा आजारांचा एक वेगळा गटच जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात आहे, आणि त्यातला आजार तीन महिन्यांच्या आत ओसरतो. काहींना तो पुन्हा होतो, काहींत पुढे स्किझोफ्रेनिया किंवा द्विध्रुवी (बायपोलर) विकार असल्याचे लक्षात येते. म्हणून बरे वाटले तरी गोळ्या परस्पर बंद करू नयेत.

पर्वती_पायथा

मी स्वतः यातून गेलो आहे, म्हणून फक्त घरी कसे बोलावे एवढेच लिहितो. समजूत पक्की होण्यापूर्वी तीन-चार दिवस काहीतरी घडणार आहे असे सतत वाटत होते; लक्ष्मी रस्त्यावरची रोजची गर्दीसुद्धा कोणीतरी मुद्दाम उभी केल्यासारखी भासत होती. अर्थ "सापडला" तेव्हा मला भीतीबरोबर सुटल्यासारखेही वाटले. त्यामुळे "असं काही नाही रे" हे ऐकले, की ती एकमेव उमज कोणी हिसकावून घेत आहे असे वाटे. "हो, कट आहे" असेही म्हणू नका, कारण ते वाक्य पुढे कायम लक्षात राहते. माझी मावशी एवढेच म्हणाली होती, "मला तसं दिसत नाही, पण तू घाबरलायस हे दिसतंय. झोप नाही, त्यावर तरी औषध घेऊ." मी झोपेसाठी म्हणून गेलो.

आईंना उताऱ्यावरून बोल लावू नका. त्यांना करायचा असेल तर करू द्या, पण दवाखाना त्यासाठी थांबवू नका.

वारजेकर_ताई

दोघांचेही मनापासून आभार. झोपेचे निमित्त त्याला पटले आणि काल संध्याकाळी तो माझ्याबरोबर रिक्षात बसला. डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, औषध सुरू केले आणि चार दिवसांनी पुन्हा बोलावले आहे. दुधाच्या पिशवीचा प्रसंग त्यांनी शब्दशः लिहून घेतला. रात्री तो सहा तास झोपला. समजूत अजून तशीच आहे, पण आज सकाळी त्याने तांदळाच्या डब्यातून मोबाइल स्वतःच काढून माझ्या हातात दिला आणि "तुझ्याकडे ठेव" म्हणाला.