मदत हवी आहे: विशेष शाळा संपली, मुलाच्या कामाचं काय? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

मुलगा १९ वर्षांचा, बौद्धिक अक्षमता, यूडीआयडी कार्डावर (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) ७५ टक्के. १८ पूर्ण झाली आणि शाळेने दाखला हातात दिला. अशा मोठ्या मुलांना काम देणाऱ्या कार्यशाळेत नाव घातलंय, पण जागा नाही. रोज सकाळी दप्तर घेऊन दारात उभा राहतो. रिक्षावाले काका आता येणार नाहीत, हे रोज नव्याने सांगते.

मागच्या महिन्यात ह्यांच्या ओळखीच्या बेकरीत नानकटाई भरायला पाठवलं. त्याला सहाच्या पुढे मोजता येत नाही, म्हणून पुठ्ठ्यावर १२ गोल काढून दिले. गोलावर एकेक ठेवायची, सगळे भरले की पाकिटात. तीन दिवस एक पाकीट चुकलं नाही! चौथ्या दिवशी २०ची पाकिटं आली. पुठ्ठा तोच. दुपारपर्यंत पठ्ठ्याने सगळीकडे बारा-बाराच भरल्या. मालकांचा फोन, "वहिनी, उद्यापासून नका पाठवू." त्यांच्यावर राग नाही. पण २० गोल काढायला पाच मिनिटं लागली असती, आणि ते काढणारं माणूस तिथे नव्हतं.

असं सुरुवातीला सोबत थांबणारं माणूस, शाळेतल्या ताई जॉब कोच म्हणतात, कुठे मिळतं? त्याचे पैसे आपण द्यायचे की मालकाने? शाळेत चार वर्षं पणत्या आणि कागदी पिशव्याच शिकवल्या. दिवाळीला नातेवाईक घेतात, पुढे काय?

सरकारी नोकरीत २०१६च्या कायद्याने ४ टक्के राखीव. त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार या सगळ्यांत मिळून. पण पाहिलेल्या जाहिरातींत दहावी मागतात. एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त शाळेची) आठवीच्या बरोबरीची 'क' पातळी करून कोणाला नोकरीत उपयोग झालाय का?

आणि पगारासाठी खातं उघडायला गेले तर बँक म्हणते, "पालकत्वाचं प्रमाणपत्र आणा." अहो, मी आई आहे! "ते १८ पर्यंत, मॅडम."

प्रतिसाद:
ताई, खात्याचं सोपं आहे. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करा, जिल्हाधिकारी अध्यक्ष असतात. कोर्टात जावं लागत नाही. न्यासाचा निरामय आरोग्य विमाही काढून टाका, वर्षाला १ लाखापर्यंतचा खर्च मिळतो. कोच आम्हाला मिळालाच नाही. मुलीबरोबर मीच गेले. पंधरा दिवस शेजारी, मग दुकानाच्या पायरीवर, मग नुसता फोन. नवा पुठ्ठा घेऊन बेकरीत परत जा.

धागाकर्ती:
काढला २०चा, कडेला पाकिटाचं चित्रही चिकटवलंय. मालक शनिवारी या म्हणाले. शेजारी बसलात तेव्हा मुलगी चुकली की लगेच हात लावायचात, की थांबायचात? मला थांबवत नाही हो.