तीन नव्या शिक्षिका, एका वर्गात सहा घरभाषा: मेंटर म्हणून काय करू? (बडोदे)

कारेलीबागची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, आज विचारायला आलेय.

बडोद्यात एका खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत १९ वर्षं प्राथमिकला शिकवतेय. जूनमध्ये प्रिन्सिपल मॅडमनी बोलावून तीन नव्या मुली माझ्या पदरात टाकल्या आणि म्हणाल्या, तुम्ही आता यांच्या मेंटर. ऑर्डर नाही, तास कमी केले नाहीत, नुसतं नाव दिलं. एक आणंदची, गुजराती. दुसरी पाटण्याची, नवरा इथे नोकरीला. तिसरी आपली, लग्न होऊन पुण्याहून आलेली. तिघी हुशार, तिघींचं बी.एड. झालेलं, आणि पहिल्या महिन्यात तिघीही बाथरूममध्ये जाऊन रडून आल्या.

तिसरी ब मध्ये ४१ मुलं. निम्म्यांच्या घरी गुजराती. मग मराठी, हिंदी, सिंधी, दोन मल्याळी. आरटीईच्या २५ टक्क्यांतून आलेल्यांपैकी दोघांच्या घरी राठवी (छोटा उदेपूरकडच्या राठवा आदिवासींची बोली).

मागच्या आठवड्यात नंदुरबारहून एक मुलगा नवीन आला. आणंदच्या बेनच्या तासाला हात वर करून म्हणाला, "बाई, पाणी प्यायला जाऊ?" वर्ग खो खो हसला. तिच्या कानाला बाई म्हणजे घरी भांडी घासायला येते ती. लालबुंद झाली. "मैं तुम्हें बाई लगती हूँ?" आपलं काय चुकलं ते त्या पोराला कळेचना. पाणी राहिलं, खाली बसला, आणि त्या दिवशी पुन्हा तोंड उघडलं नाही. मी मागच्या बाकावर होते. उठून सांगावं का की आमच्यात बाई म्हणजे मॅडमच, की गप्प राहावं? गप्प राहिले. तास संपल्यावर तिला सांगितलं तर म्हणाली, "मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?" तिचंही बरोबर आहे ने.

दुसरा घोळ डब्याचा. आपल्या पुणेकरणीने एका मुलाला ऑम्लेटचा डबा बंद करून दप्तरात ठेवायला लावला, कारण शेजारच्या मुलीने नाक मुरडलं. मुलगा उपाशी घरी गेला.

तर सुरुवात कुठून करू? वर्गात मागे बसायचं कसं, म्हणजे त्यांचे पाय लटपटणार नाहीत? आणि डब्याचं काय? "विविधतेत एकता" छाप पीपीटी सुचवू नका, ती आमच्याकडे आहे.

सेवउसळ

ताई, तास कमी न करता मेंटर केलं म्हणजे बिनपगारी सासू केलं. आधी ते निस्तरा, मग भाषा. (धागा वाचतोय.)

निवृत्त_मास्तर

अहो ताई, तुमचा "बाई"चा किस्सा वाचून माझा "दाखला" आठवला. जरा लांबेल, पण सांगतो.

रावपुऱ्याच्या बाजूला एका गुजराती माध्यमाच्या शाळेत मी गणित शिकवायचो. माझ्या हाताखाली भरुचकडचे एक तरुण शिक्षक आले. पाचवीतल्या एका मराठी मुलीची वही बघून म्हणाले, "आ दाखलो खोटो छे." गुजरातीत दाखलो म्हणजे गणितातलं उदाहरण आणि खोटो म्हणजे चुकलेला. गणिताचा शिक्षक दिवसातून पन्नासदा म्हणतो. दुसऱ्या दिवशी प्रार्थना व्हायच्या आत मुलीची आई ऑफिसच्या दारात. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, चार घड्या पडलेला शाळा सोडल्याचा दाखला काढला आणि बोटाने शिक्का दाखवत म्हणाली, "साहेब, हा बघा, जळगावचा. खोटा नाही हो." रात्रभर झोपली नव्हती. नवरा कंपनीत कंत्राटावर, त्यात पोरीची शाळा सुटली तर, या धास्तीने.

त्या तरुणाची काही चूक नव्हती, आणि त्या माउलीचीही नाही. तामिळ ऐकू आली तर आपण सावध होतो, विचारतो. गुजराती नि मराठी इतक्या जवळच्या की कळल्यासारखं वाटतं, आणि तिथेच गाडी घसरते. हिंदीही तशीच. तुमच्या पाटण्याच्या मॅडम मुलांना "शिक्षा" मिळावी म्हणून झटतायत, आणि मराठी पोरं कान धरून उभी राहतायत!

म्हणून सुरुवात एका साध्या वहीने करा. असा शब्द सापडला की लिहायचा: कोण म्हणालं, कोणाला काय वाटलं. तिघींची मिळून एकच वही, आणि पहिली पानं तुम्ही स्वतःच्या फजितीने भरा. मी आमच्या त्या तरुणाला आधी माझी फजिती सांगितली होती, तेव्हा कुठे तो मोकळा झाला. शिवाय पटावर प्रत्येक मुलाच्या नावापुढे पेन्सिलीने घरची भाषा लिहायला लावा. नावा-आडनावावरून ठरवू देऊ नका, मुलालाच विचारायचं, "आजीशी कशात बोलतोस?" बडोद्यात पवार, शिंदे आडनावाची कितीतरी मुलं घरी गुजरातीतच भांडतात.

मागे बसण्याबद्दल. पहिले दोन आठवडे तुम्ही शिकवा आणि त्यांना मागे बसवा. तुमचा तास फसलेला त्यांनी बघितला पाहिजे. मग पाळी बदला. कागदावर वेळ आणि जे घडलं तेवढंच लिहायचं. "१०.४०, नवा मुलगा पाणी प्यायला न जाता बसला" हे चालेल. "बेन लवकर चिडतात" हे चालणार नाही, तो शेरा झाला. कागद त्याच दिवशी तिच्या हातात द्यायचा आणि आपल्याकडे प्रत ठेवायची नाही. प्रिन्सिपलनी मागितला तर नाही म्हणायचं. प्रोबेशनवरच्या मुलीला एकदा कळलं की मेंटरचा कागद वर जातो, की ती तुम्हाला नाटक दाखवणार, तास नाही.

आणि तुम्ही गप्प बसलात त्याबद्दल: मोठ्या माणसांचं नंतर बघता आलं असतं. तुम्ही मागून एवढंच म्हणायला हवं होतं, "जा रे, पिऊन ये." आधी पाणी.

अवांतर: सयाजीरावांनी सक्तीचं मोफत शिक्षण १८९३ मध्ये अमरेलीत सुरू करून १९०६ मध्ये राज्यभर नेलं, तेव्हा राजघराण्याची भाषा मराठी आणि बहुतेक रयतेची गुजराती. त्या काळच्या मास्तरांच्या वहीत काय काय शब्द सापडले असते, कुणास ठाऊक.

नवी_कोरी

मी या गोष्टीच्या दुसऱ्या बाजूची. नागपूरची, बडोद्यात शिकवायला लागून दुसरं वर्ष. माझ्या मेंटर मॅडम मागे लाल पेन घेऊन बसायच्या. लिहायच्या काय ते दिसायचं नाही, पण पेन चाललं की मी फळ्यावर स्पेलिंग चुकायचे. काका म्हणतात ते प्रत न ठेवण्याचं सोन्यासारखं आहे. आणखी एक: खूण ठरवून घ्या. नंतर मला दुसऱ्या मॅडम मिळाल्या, त्या चश्मा काढून पदराने पुसायला लागल्या की समजायचं, डावीकडे कोणीतरी अडकलंय. मुलांसमोर शोभा होत नाही आणि मदत तिथल्या तिथे मिळते.

पाटण्याच्या मॅडमसाठी खास. २०२३ च्या कायद्याने गुजरातमध्ये पहिली ते आठवी सगळ्या शाळांत गुजराती शिकवणं सक्तीचं झालंय ना? त्यांना गुजरातीच्या तासाला मुलांच्या बाकावर बसवा. मला बसवलं होतं. गुजरातीला शिरोरेखा नाही आणि माझा हात काही थांबेना, प्रत्येक शब्दावर रेघ. शेजारचा सात वर्षांचा गुरू खोडरबर घेऊन तयारच असायचा: "टीचर, लाईन नहीं!" त्यानंतर देवनागरीतून आलेल्या मुलाच्या वहीवर लाल रेघ मारताना माझा हात दहादा थांबला. चूक कुठून येते ते बोटांना कळलं होतं.

ओरसंगकाठी

मी छोटा उदेपूर तालुक्यात आठ वर्षं होतो, आता शहरात. त्या दोन राठवी मुलांबद्दल लिहितो, कारण धाग्यात सगळे मराठी-गुजरातीत रमलेत आणि ती दोघं परत मागच्या बाकावर गेली.

ती बोलत नसतील. बहुतेक नव्या शिक्षिका याला "मंद" किंवा "घरी लक्ष देत नाहीत" म्हणतात. नवीन भाषेत पडलेलं मूल कित्येकदा काही महिने गप्प राहून नुसतं ऐकतं. आणि एकदा बोलायला लागलं की उलट चूक होते: मैदानावर फाडफाड बोलतो, मग पेपर का कोरा? कॅनडातल्या जिम कमिन्स यांनी स्थलांतरित मुलांच्या अभ्यासातून दाखवलं की बोलण्यापुरती दुसरी भाषा साधारण एक-दोन वर्षांत येते, पण पुस्तकातली भाषा बरोबरीच्या मुलांइतकी यायला पाच ते सात वर्षं लागतात. तिसरीतल्या पोराचा हिशेब तुम्हीच करा. तोवर गणित तोंडी घ्या, चित्रात घ्या, त्याला त्याच्या भाषेत भावाला समजावू द्या आणि तुम्ही लांबून बघा.

होळीला ती जातील. कवांटचा मेळा होळीनंतर असतो, घरचे बांधकामावरून गावी गेले की पोरंही गेली. नवी शिक्षिका आठ दिवस गैरहजेरी लावते आणि परत आल्यावर सगळ्यांसमोर विचारते, "कहाँ घूम रहे थे?" मेंटरने हे फेब्रुवारीतच कानावर घातलं तर युनिट टेस्ट मागेपुढे करता येते.

आणि कृपा करून पिठोरा (राठव्यांच्या घरातली भिंतीवरची चित्रं) "क्राफ्ट"च्या तासाला काढायला लावू नका. आमच्याकडे एका उत्साही बेनने लावलं होतं. एक मुलगा खडू खाली ठेवून म्हणाला, "हे नवसाचं असतं. लखारा काढतो, बडवो येऊन वाचतो." (बडवो म्हणजे त्यांचा पुजारी.) बेनला वाटलं हा टाळाटाळ करतोय. खरं तर त्या वर्गात त्या दिवशी तोच शिकवत होता.

हिशेबी

सगळं वाचलं. छान. पण वेळ कुठून आणणार? आठापैकी सात तास, वर प्रॉक्सी (गैरहजर शिक्षकांचे तास). एनसीटीईने (शिक्षक-प्रशिक्षणाची केंद्रीय संस्था) राष्ट्रीय मेंटरिंग मिशन २०२२ मध्ये ३० केंद्रीय शाळांत प्रायोगिक म्हणून सुरू केलं. आमच्यासारख्या खासगी शाळांत त्यातलं फक्त "मेंटर" हे नाव पोचलं. बी.एड.ला २० आठवड्यांची इंटर्नशिप असते म्हणतात, त्यात निम्मे दिवस पोरींना हजेरी भरायला आणि फलक सजवायला लावतात, मग पहिला खरा वर्ग नोकरीत दिसतो.

माझा सल्ला कोरडा आहे. आठवड्यातला एक तास वेळापत्रकात लेखी मागा. २०२० च्या शैक्षणिक धोरणात दर शिक्षकाला वर्षाला ५० तास प्रशिक्षणाची अपेक्षा आहे, अर्जात त्याचा दाखला द्या (खोटा नाही, मास्तर). नकार आला तर तीनऐवजी एकीचीच मेंटर व्हा.

फतेगंजकर

डब्याचं कोणी बोलत नाही म्हणून लिहिते, कारण तेच जास्त नाजूक आहे. शाळेच्या डायरीत डब्याचा नियम आहे का ते आधी बघा. असेल तर तो सगळ्या पालकांना प्रवेशाच्या वेळी सांगितलेला असला पाहिजे, आणि तो मुलाला नाही तर आईला सांगायचा. नसेल, तर भर सुट्टीत शिक्षिकेने नियम जन्माला घालायचा नाही. वास सहन होत नाही अशी मुलगी असेल तर तिला मैत्रिणीबरोबर खिडकीकडे बसवा. खरंच त्रास होतो काहींना, त्यांनाही रागवू नका. पण डबा बंद होता कामा नये. त्या मुलाच्या आईला फोन तुम्ही करा, नव्या मुलीला करायला लावू नका. ती माफी मागता मागता भलतंच बोलून बसेल.

सेवउसळ

डबा बंद होता कामा नये: हे स्टाफरूमच्या दारावर लावायला हवं. आमच्या स्टाफरूममध्येही लागू.

कारेलीबागची

तीन आठवड्यांनी परत आलेय. सगळ्यांना मनापासून धन्यवाद, काय काय झालं ते सांगते.

लेखी अर्ज दिला. तास मिळाला नाही, पण गुरुवारी मला प्रॉक्सी लावायची नाही एवढं मान्य झालं. हिशेबीदादा, निम्मं श्रेय तुमचं. कागदाची प्रत मी ठेवत नाही हे मॅडमना आवडलेलं नाही. "मग मला कळणार कसं?" म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्हीच येऊन बसा ना. त्या अजून आलेल्या नाहीत.

डायरीत डब्याचा नियम नाहीच. आईला फोन केला. शांत बाई, एवढंच म्हणाली, "मॅडम, तो सकाळी दुसरं काही खात नाही." पुणेकरणीला मी हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं, पुढे काही बोलले नाही. परवा तिनेच खिडकीची व्यवस्था केली.

राठवी मुलांपैकी थोरली मुलगी तोंडी गणितात पुढच्या बाकावरच्यांना मागे टाकते असं निघालं. धाकटा अजून गप्पच आहे. बघू.

पाटण्याची मॅडम मात्र दिवाळीनंतर जाणार, नवऱ्याची बदली. गुजरातीच्या तासाला दोन मल्याळी मुलांच्या मध्ये बसून नुकतीच कुठे "क" गिरवायला लागली होती. तिच्या जागी कोण येईल आणि परत पहिल्यापासून. वाईट वाटतंय.

वहीत २३ शब्द झालेत. ताजा नंदुरबारच्या पोराचा. तो आता आणंदच्या बेनला "बेनबाई" म्हणतो, आणि तिने ते चालवून घेतलंय. मधल्या सुट्टीत तो वही उघडून बसलेला दिसला म्हणून तिने विचारलं, "जम्यो के नहीं?" म्हणजे जेवलास का. हा भागाकाराच्या गणिताकडे बघत म्हणाला, "नाही जमलं." तिने आपल्या डब्यातले दोन थेपले त्याच्या हातावर ठेवले. त्याने निमूट खाल्ले, हात चड्डीला पुसले, आणि वही घेऊन पुन्हा तिच्यासमोर उभा: "बेनबाई, अजून नाही जमलं." तिने तिसरा थेपला काढला.